भिंतीवरचं मंत्रिमंडळ

देवदत्त निंबर्गीकर शपथविधी उभ्याने बघतात. राष्ट्रगीताला सगळेच उभे राहतात, त्यात विशेष काही नाही. निंबर्गीकर राज्यपालांच्या पहिल्या "मी"पासून शेवटच्या राज्यमंत्र्याची सही होईपर्यंत उभे असतात. यंदा नवं सरकार आलं त्या दिवशीही ते टीव्हीसमोर दीड तास उभे होते. एका हातात वही, दुसऱ्या हातात पेन, चष्मा कपाळावर.

"अहो, बसा की," मालतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुम्हाला कुणी शपथ देत नाहीये."

"सव्विसावे चाललेत. बोलू नकोस, नाव चुकेल."

"चुकलं तर काय होईल?"

पाटबंधारे खात्याच्या कचेरीत चौतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला, मंत्र्याचं नाव चुकलं तर काय होतं हे बायकोला समजावून सांगता येत नाही. ते जावक रजिस्टरालाच कळतं. पाटबंधाऱ्याचं नाव बदलून जलसंपदा झालं तेव्हा कचेरीतले सतरा रबरी शिक्के त्यांनी एका दुपारीत बदलून घेतले होते. धरणातल्या पाण्यात थेंबाचा फरक पडला नव्हता, पण पत्रं मात्र बरोबर खात्याला जाऊ लागली होती.

खरा प्रकार सुरू झाला तो त्यानंतरच्या मंगळवारी.

जुळे सोलापुरात गुलमोहर नगर म्हणून सोसायटी आहे. तिच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये अभ्यासिका चालते. बावीस मुलंमुली तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. निंबर्गीकरांची मुलगी चेतना त्यांतलीच एक. दर मंगळवारी निंबर्गीकर या मुलांची सामान्य ज्ञानाची चाचणी घेतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, पण घेतात. त्या दिवशी पहिला प्रश्न होता: राज्याच्या मंत्रिमंडळात एकूण मंत्री किती, त्यांत कॅबिनेट किती आणि राज्यमंत्री किती? बावीस पेपरांत नऊ निरनिराळी उत्तरं आली. कुणी मुख्यमंत्री धरले, कुणी सोडले, एकाने मागच्या सरकारातले दोन मंत्री याही सरकारात घातले, आणि एका मुलीने आकड्यापुढे "तूर्तास" असं लिहिलं होतं.

"प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळी यादी आहे, बाबा," चेतना म्हणाली. "खरी कुठली धरायची?"

निंबर्गीकर ताडकन उठले. त्यांना कल्पना सुचली की ते असेच उठतात.

"फलक!" ते म्हणाले. "हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर. आठ फूट बाय सहा फूट. राज्याचे मंत्रिमंडळ! अनुक्रमांक, नाव, दर्जा, खाते. एकदा लिहिलं की पाच वर्षं बघायला नको."

पाच वर्षं. हे शब्द त्यांनी स्वतः, बावीस साक्षीदारांसमोर उच्चारले, ही गोष्ट पुढे मालतीबाईंनी त्यांना वारंवार ऐकवली.

भिंत सोसायटीची, म्हणून विषय बैठकीत गेला. चेअरमन सिद्धनाथ देवकते यांचा अभ्यासिकेवर पहिल्यापासून राग. हॉल अडकून पडतो, बारशी-डोहाळजेवणं बाहेर करावी लागतात, हे त्यांचं दुखणं.

"निंबर्गीकर साहेब, मंत्र्यांची नावं भिंतीवर लिहून पोरं कलेक्टर होणार हायत का?" देवकते म्हणाले. "एवढीच हौस असेल तर उद्घाटनाला एक मंत्रीच आणून दाखवा की. मंत्री आला तर अभ्यासिका राहील. न्हाय आला, तर एक तारखेपासून हॉल कार्यक्रमांना मोकळा!"

हे ते टोमणा म्हणून बोलले. पण इतिवृत्त लिहायला निंबर्गीकर बसले होते, आणि सभेत बोललेलं वाक्य कागदावर उतरल्याशिवाय त्यांचा हात थांबत नाही. त्यांनी तो टोमणा ठराव क्रमांक चार म्हणून लिहिला, खणखणीत आवाजात वाचून दाखवला, आणि घरी जायच्या घाईत सगळ्यांनी हात वर केले. घरी येऊन चहाचा पहिला घोट घेताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण अभ्यासिका पणाला लावली आहे आणि खाली सहीही आपलीच आहे.

"आता मंत्री कुठून आणणार?" मालतीबाईंनी विचारलं.

"बेचाळीस आहेत," निंबर्गीकर म्हणाले. "बेचाळिसांतून एक मिळणार नाही?"

दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पा पेंटर आला. तो अक्कलकोटच्या बाजूचा. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची अक्षरं रंगवण्यात त्याची हयात गेलेली. फ्लेक्स आल्यापासून हाताला काम थोडं, त्यामुळे अखंड आठ फुटी भिंत बघून त्याचे डोळे असे चमकले, की मुलीला स्थळ बघायला आलाय असं वाटावं. त्याने भिंतीवरून हात फिरवला, तिला बोटाने दोनदा वाजवलं आणि "चांगली हाय," असा निर्वाळा दिला.

सल्ले देणारे त्याच्याही आधी हजर होते. एकाने फलक दक्षिणेला नको असं सुचवलं, तो दक्षिणेला नव्हताच. एकाने प्रत्येक मंत्र्याचा फोटो लावा म्हटलं. एकाने मंत्र्यांऐवजी सोसायटीच्या पाण्याचं वेळापत्रक लिहा म्हटलं, आणि त्याला सर्वांत जास्त पाठिंबा मिळाला. कामाचा सल्ला एकटीने दिला. समाजमंदिराला लागूनच सुंदरम्मांचं घर. तीन पिढ्या चादरी विणणाऱ्या घरातली बाई.

"मरून रंगावर पिवळं घाला ओ," सुंदरम्मा कुंपणापलीकडून म्हणाल्या. "आमच्या चादरीत तेच लांबून उठून दिसतं."

मरून वर पिवळं ठरलं. दोन दिवसांत गुरुबसप्पाने बेचाळीस नावं अशी उतरवली, की मुलं पुस्तकं मिटून बघत बसली. कॅबिनेट मंत्री दीड इंची अक्षरांत, राज्यमंत्री एक इंची. फक्त "खाते" हा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा. कारण शपथविधी झाला होता, खातेवाटप झालं नव्हतं.

"मंत्री झाले, पन काम काय ते ठरलं न्हाय?" गुरुबसप्पाने विचारलं.

"वाटाघाटी चालू आहेत. तोवर ते बिनखात्याचे मंत्री."

"माझ्यासारखंच की मग. ब्रश हाय, भिंत न्हाय."

सहा दिवस गुरुबसप्पा रोज दहाच्या ठोक्याला यायचा, डबा उघडून रंग ढवळायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, "आलं का वं खातं?" चौथ्या दिवसापासून दूधवाला विचारू लागला. पाचव्या दिवशी मंडईत भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकता टाकता विचारलं, "गृह कुनाला जातंय म्हनतेत?" निंबर्गीकरांना एवढी किंमत सेवेत असतानाही कुणी दिली नव्हती. ते घाईघाईने "अजून अधिकृत काही नाही," असं म्हणायचे, आणि ते असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांना सगळं ठाऊक आहे पण गोपनीयतेची शपथ आडवी येतेय.

हीच गोष्ट त्यांना नडली. सातव्या दिवशी मालतीबाईंच्या भावाने मुंबईहून फोनवर एक यादी पाठवली. मंत्रालयाच्या उपाहारगृहातून मिळालेली, म्हणजे अगदी आतली. निंबर्गीकरांचा संयम सुटला. दहा ते दोन गुरुबसप्पाने खाती रंगवली. चार वाजता चेतना भिंतीसमोर उभी राहिली आणि बोटं मोजू लागली.

"बाबा, यात गृहखातं दोघांना दिलंय."

"एक शहरी असेल."

"आणि वित्त कुणालाच नाही."

निंबर्गीकर खुर्चीत बसले. राज्य वित्तमंत्र्याशिवाय चालत असेल हे त्यांच्या बुद्धीला पटेना, आणि मेहुण्याची यादी चुकीची असू शकते हे मालतीबाईंसमोर म्हणायची छाती होईना. शेवटी गुरुबसप्पाने टर्पेंटाइनचा बोळा घेऊन सगळा रकाना पुसला. पिवळा रंग मरून मध्ये कालवला गेला आणि भिंत आमटी सांडल्यासारखी दिसू लागली. नेमके तेवढ्यात देवकते डोकावले.

"काय, सरकार पडलं का?" त्यांनी विचारलं आणि ते हसत हसत निघून गेले. त्या हसण्याने निंबर्गीकरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आठव्या दिवशी भर दुपारी अधिकृत यादी आली. निंबर्गीकर मालतीबाईंच्या चपला घालून समाजमंदिराकडे धावत सुटले. "आली! आली! सहीशिक्क्याची आली!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुबसप्पाने ब्रश कपाळाला लावला. आणि मग लक्षात आलं, की खात्याचा रकाना दीड फुटाचा आहे.

निंबर्गीकरांच्या उमेदीच्या काळात खात्यांची नावं सुटसुटीत होती. शेती म्हणजे शेती. आता एकेक खातं म्हणजे लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी. "अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण" लिहिता लिहिता गुरुबसप्पाला तीन वेळा खाली उतरून शिडी सरकवावी लागली. "कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता" स्विचबोर्डाला वळसा घालून गेलं. राज्यमंत्र्यांची तर तऱ्हाच वेगळी. माणूस एक इंची, पण त्याला खाती सहा-सहा. एकाची खाती भिंत संपवून खिडकीच्या झडपेवर गेली. त्यामुळे खिडकी लावली की तो संपूर्ण मंत्री वाचता यायचा. उघडली की मदत आत राहायची आणि पुनर्वसन रस्त्यावर जायचं.

त्यातच निंबर्गीकरांचं लक्ष वरच्या ओळीकडे गेलं आणि ते किंचाळले.

"गुरुबसप्पा! मृत व जलसंधारण? मृत नव्हे हो, मृद! मृद म्हणजे माती!"

गुरुबसप्पाने शिडीवरूनच शांतपणे अक्षराकडे पाहिलं. "शेवटी एकच की साहेब," तो म्हणाला, आणि त्याने "त"चा "द" केला.

फलक पुरा झाल्याची बातमी दोन दिवसांत शहरभर झाली. तिसऱ्या दिवशी समाजमंदिरापुढे एक मोटारसायकल थांबली आणि इंद्रजीत आत आला. हा नातेपुत्याचा, राज्यमंत्री उदयसिंह रणनवरे यांचा खंदा कार्यकर्ता. रणनवरेही तिकडचेच. इंद्रजीतने कमरेवर हात ठेवून फलक वरपासून खालपर्यंत वाचला.

"आमच्या साहेबांचं नाव शेवटून दुसरं का वं?"

"शपथेच्या क्रमाने आहे," निंबर्गीकर म्हणाले.

"मग अक्षर तरी मोठं करा की."

"राज्यमंत्री एक इंची. कॅबिनेट दीड इंची. त्यात मला बदल करता येणार नाही. उद्या ते कॅबिनेट झाले तर गुरुबसप्पा पाच मिनिटांत अर्धा इंच वाढवतील."

इंद्रजीत जरा घुटमळला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "ते खात्यांचं तरी बघा की जरा. मत्स्यव्यवसाय, बंदरे, खारभूमी. आख्खा तालुका हसतोय वं आमाला. नातेपुत्यात बंदर कुटनं आणायचं? नुसतं मत्स्यव्यवसाय ठेवा. उजनीत मासं तरी हायत."

इतका वेळ कडक असलेल्या निंबर्गीकरांना एकदम त्या माणसाची कणव आली. समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत राहणाऱ्याला खाऱ्या पाण्याची जमीन सांभाळायला मिळावी, हे दुःख कचेरीत काम केलेल्या माणसाला समजतं. त्यांनाही एकदा तीन वर्षं वाहन नोंदवही दिली होती, आणि कचेरीला वाहन नव्हतं. पण फलक तो फलक.

"बंदरे राहतील," ते म्हणाले. "मात्र एक करता येईल. या फलकाचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते ठेवू. दुसरे कोण आले तर त्यांचे कार्यकर्ते पेपरात फोटो छापून आणतील."

इंद्रजीतचा चेहरा पालटला. "दुसरं कोण येतंय? सोमवारी साहेब बार्शीला हायत, तितनं कुंभारीला जानारेत. मधी अर्धा तास हितं आणतो. शबूद देतो!"

निंबर्गीकर घरी आले ते तरंगतच. "एक्केचाळीस नंबर येतोय!" त्यांनी दारातूनच सांगितलं. मालतीबाईंनी आधी त्यांचा हात धरून ताप बघितला.

मंत्री येणार म्हटल्यावर जागेची पाहणी करायला एक अधिकारी आले. त्यांनी खुर्च्या मोजल्या, पंखे मोजले, आणि फलकाच्या वर बोट दाखवलं. तिथे गुरुबसप्पाने हौसेने, न सांगता, तीन सिंह काढले होते.

"ही राजमुद्रा आहे. खाजगी जागेत वापरता येत नाही. काढा."

नियम निंबर्गीकरांना पाठ होता, आणि आपल्याच भिंतीवर तो मोडला गेला याची त्यांना भयंकर शरम वाटली. सिंह पुसले, खाली डाग उरला. डागावर काहीतरी काढणं भाग होतं. गुरुबसप्पा म्हणाला, कमळ काढतो. इंद्रजीत ओरडला. बरं, घड्याळ? शेजारचे एक गृहस्थ ओरडले. मशाल, हात, शिट्टी, नारळ, कपबशी. जगातली कुठलीही वस्तू घ्या, ती कुणाची ना कुणाची निशाणी निघाली. शेवटी सुंदरम्मा घरात गेल्या आणि एक चादर आणून त्यांनी भिंतीपुढे धरली. तिच्यावर मोर होता. मोरावर कुणाचाच दावा नाही याची दहा मिनिटं खात्री करून घेतल्यावर गुरुबसप्पाने सिंहांच्या जागी मोर काढला.

सोमवार उजाडला. हॉलपुढे मांडव, दारात रांगोळी. देवकते चेअरमन या नात्याने क्रीम रंगाचं कोरं जाकीट घालून सकाळी नऊपासून दारात उभे. मंत्री येतोय हे कळल्यापासून ते "आमची अभ्यासिका" असं म्हणू लागले होते. ठराव क्रमांक चारबद्दल मात्र चकार शब्द काढत नव्हते. गुरुबसप्पाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार होता, म्हणून तो पांढराशुभ्र शर्ट घालून, धोतर नेसून, केसांना तेल लावून बसला होता. साडेअकराची वेळ. पावणेबारा झाले. बारा झाले. इंद्रजीत रस्त्याच्या टोकाशी उभा राहून फोन लावत होता.

"साहेबांचा लागंना. सहायकांचा बी लागंना. पन गाडी बार्शीतनं निघालीय."

बारा वाजून दहा मिनिटांनी चेतना गर्दीतून वाट काढत आली. मोबाइल तिने बाबांच्या डोळ्यांपुढे धरला.

"बाबा. खातेबदल."

"कसला खातेबदल?"

"चार राज्यमंत्र्यांच्या खात्यांची अदलाबदल. शासनाच्या संकेतस्थळावर आत्ता आलंय. अधिकृत आहे, मी तीनदा बघितलं. रणनवऱ्यांचं पण बदललंय."

निंबर्गीकरांनी अधिसूचना वाचली. खालची सही वाचली. वरचा क्रमांक वाचला. मग ते गुरुबसप्पाकडे वळले.

"गुरुबसप्पा, शिडी."

"अहो!" मालतीबाईंनी त्यांचा हात धरला. "मंत्री दारात येतील आणि तुम्ही भिंत पुसत बसणार? उद्या करा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," निंबर्गीकर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "ही बावीस मुलं या भिंतीवर विसंबून परीक्षेला बसणार आहेत. चुकीचं आहे हे माहीत असताना ते अर्धा तास तसंच ठेवायचं, आणि त्याच्यापुढे हार घालून उभं राहायचं? मग मेहुण्याची यादी काय वाईट होती?"

मालतीबाईंनी हात सोडला. गुरुबसप्पाने धोतराचा काचा मारला आणि तो शिडीवर चढला. एक मंत्री पुसला, लिहिला. दुसरा. तिसरा. चेतना खालून एकेक शब्द वाचून सांगत होती, दोन मुलींनी शिडी धरली होती, बाकीची मुलं पंख्याची बटणं दाबत होती, रंग वाळावा म्हणून. देवकते दारातून "थांबवा, थांबवा हे!" असं ओरडत होते. रस्त्यावर सायरन वाजला. "खारभूमी" पुसलं गेलं. गाडीची दारं आपटली. "उच्च व" लिहून झालं. हलगी कडाडली. "तंत्रशिक्षण"च्या "ण"ची दांडी ओढून गुरुबसप्पा उतरला आणि शुभ्र शर्टावर पिवळे ओघळ घेऊन कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, तोच उदयसिंह रणनवरे आत आले.

माणूस पहाटेपासून फिरत होता. डोळे तांबारलेले, कपाळावर सीटच्या शिवणीचा वळ. बार्शीहून निघाल्यावर ते गाडीत झोपले होते, आणि साहेबांची झोप मोडू नये म्हणून सहायकांनी सगळे फोन बंद ठेवले होते. त्यांनी नमस्कार केले, हार घेतला, फलकासमोर आले, आणि सगळ्या मंत्र्यांप्रमाणे सर्वांत आधी आपलं नाव शोधलं.

ते सापडलं. पुढचं वाचून ते थांबले.

"हे काय लिहिलंय? उच्च व तंत्रशिक्षण?"

इंद्रजीत पांढराफटक पडला. सहायक पुढे झाले. "चूक आहे, साहेब. अहो, कोणी लिहिलं हे? साहेबांकडे मत्स्यव्यवसाय आहे. आधी पुसा ते!"

देवकत्यांनी लगेच निंबर्गीकरांकडे बोट दाखवलं. "यांनी. मी सांगत होतो."

निंबर्गीकरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. आयुष्यात ते मंत्र्याशी कधी बोलले नव्हते. मंत्र्याला लिहायचं पत्रसुद्धा कार्यकारी अभियंत्यामार्फत जायचं. पण "चूक आहे" हे दोन शब्द ऐकले आणि त्यांच्या अंगातला हेडक्लार्क ताठ झाला.

"चूक नाही," ते म्हणाले. "सकाळपर्यंत मत्स्यव्यवसाय, बंदरे, खारभूमी होतं. आज दुपारी बाराच्या अधिसूचनेने बदललं. आपल्याला उच्च व तंत्रशिक्षण. हा क्रमांक, ही सही. आपण तपासून घ्यावं."

चेतनाने मोबाइल पुढे केला. सहायकांनी घाईने आपले फोन सुरू केले. तिन्ही फोन एकदम किणकिणू लागले आणि थांबेनात. मंत्र्यांनी चेतनाच्या हातातल्या मोबाइलवर दोन मिनिटं डोळे रोखले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"बंदरं गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

"गेली," निंबर्गीकर म्हणाले.

"खारभूमी?"

"तीही गेली."

"इंद्रजीत!" मंत्री गरजले. "अरे, बंदरं गेली की रं!"

इंद्रजीतने किंकाळी फोडली आणि हलगीवाल्याच्या हातातून हलगी घेऊन स्वतःच बडवायला सुरुवात केली. मंत्र्यांना राहवेना. त्यांनी जाऊन भिंतीवरच्या नव्या अक्षरांवर अख्खा तळहात ठेवला, आणि मग त्याच हाताने आनंदाच्या भरात शेजारी उभ्या देवकत्यांच्या पाठीवर जोराची थाप मारली. क्रीम रंगाच्या जाकिटावर पाच पिवळी बोटं उमटली. देवकते "धन्यवाद साहेब," म्हणाले.

"कोण आपण?" मंत्र्यांनी निंबर्गीकरांना विचारलं.

"देवदत्त निंबर्गीकर. सेवानिवृत्त."

"माझं खातं मला कुणी फोन करून कळवलं नाही हो. तुमच्या भिंतीनं कळवलं." मंत्र्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. निंबर्गीकरांचेही हात पिवळे झाले आणि त्यांनी ते संध्याकाळपर्यंत धुतले नाहीत.

याच घटकेला चेतना पुढे आली. निंबर्गीकरांना वाटलं, ही आता फोटो मागणार.

"साहेब, सार्वजनिक ग्रंथालयं आता तुमच्याच विभागात येतात ना?"

मंत्र्यांनी सहायकांकडे पाहिलं. सहायकांनी मोबाइलकडे पाहिलं. "येतात," निंबर्गीकर म्हणाले.

"मग तुमच्याकडं पहिला अर्ज आमचा," चेतना म्हणाली. "इथे आम्ही बावीस जण बसतो. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. एक तारखेपासून हॉल कार्यक्रमांना द्यायचा असं चाललंय. आम्हाला परीक्षेपर्यंत तरी हलवू नका असं सांगाल का?"

खात्याचा कार्यभार घेऊन मंत्र्यांना सात मिनिटंही झाली नव्हती. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. पुस्तकांचे ढीग, खिडकीत ठेवलेले डबे, शिडी अजून धरून उभ्या असलेल्या दोन मुली.

"चेअरमन कोण इथले?"

पिवळी बोटं पाठीवर घेऊन देवकते सावरून पुढे आले. "मीच, साहेब. कुनी सांगितलं हलवायचं? उलट ठरावच हाय आमचा! मंत्री आले तर अभ्यासिका राहील, असा. काय निंबर्गीकर साहेब, व्हय का न्हाय?"

"ठराव क्रमांक चार," निंबर्गीकर म्हणाले. "एकमताने मंजूर."

"मग परीक्षेपुरती कशाला, कायमचीच राहू द्या," मंत्री म्हणाले, आणि मुलांनी असा गलका केला की फलकावरचा मोर उडून जातो की काय असं वाटलं. गुरुबसप्पाला शाल घालताना मंत्र्यांनी त्याच्या शर्टाकडे बघून विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "तुमचंच खातं हाय साहेब, थोडं सांडलं."

गाड्या धुरळा उडवत कुंभारीकडे गेल्या. मांडव उतरला. मालतीबाईंनी उरलेले पेढे मुलांना वाटले आणि स्वतःहून मुंबईच्या भावाला फोन करून सगळी हकिगत सांगितली, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला निंबर्गीकर अभ्यासिकेत बसले असताना त्यांचा फोन वाजला. शहरातल्या एका सरकारी कचेरीतला क्लार्क बोलत होता.

"निंबर्गीकर साहेब का? ते मंत्रिमंडळाची भिंत हाय ते?"

"हो. बोला."

"साहेब, ते चार राज्यमंत्र्यांचं पत्रक आमच्याकडं अजून पोचलं न्हाय. आज टपाल निघायचंय. कोनाला कुटलं खातं, तेवढं तुमच्या भिंतीवरचं वाचून सांगता का?"

मुलांनी पेनं खाली ठेवली होती. निंबर्गीकरांनी घसा साफ केला. आनंदाने त्यांचे कान लाल झाले होते, पण आवाज त्यांनी कोरडा ठेवला.

"असं तोंडी देता येत नाही," ते म्हणाले. "रीतसर मागणीचं पत्र पाठवा. आज मिळालं तर उद्या दुपारपर्यंत कळवू."

"साहेब, टपाल..." असा पलीकडून क्षीण आवाज आला.

निंबर्गीकरांनी दम धरला. तीन सेकंद धरला. त्याहून जास्त त्यांच्याच्याने धरवेना.

"बरं, पत्र मागाहून पाठवा," ते म्हणाले. "कागद आहे ना जवळ? लिहून घ्या!"